‘स्वायगेट’ म्हणणारा नातू

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक ६७ वर्षांचे आहेत. पुण्यात एका कारखान्यातून निवृत्त झाले, आता सिंहगड रस्त्याला राहतात. थोरली मुलगी दोन चौक सोडून राहते. तिचा मुलगा साडेचार वर्षांचा. तो चालायला उशिरा लागला, शब्द मोजकेच बोलतो, डोळ्यांत बघत नाही, आनंद झाला किंवा घाबरला की हात फडफडवतो. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणण्यात दोन वर्षं गेली. शेवटी रक्त तपासलं तेव्हा फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम निघाला. ‘मेंदूच्या पेशींमधल्या जोडण्या नीट पक्क्या होत नाहीत,’ असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलीच्या सासरी ‘हे हिच्याकडून आलं’ असं बोललं जातं. पुढे मुलीची आणि स्वतः आजोबांची तपासणी झाली. तिच्या रिपोर्टवर आकडा ९४, आजोबांच्या ८६. म्हणजे हे आजोबांकडून आलं. सासरच्यांना हे अजून माहीत नाही.

धाकटी मुलगी नाशिकला असते, लग्नाला दीड वर्ष झालंय. ‘आता बाळाचा विचार करतोय’ असं ती आईला फोनवर म्हणाली. थोरलीचं म्हणणं, तिला लगेच सांगा. आजी म्हणतात, तिच्या संसारात विष कालवू नका. आजोबा विचारतात : जोडण्याच धड नसतील तर आठवड्यातून तीनदा नातवाला बसने थेरपीला नेण्यात काय अर्थ आहे? त्यापेक्षा कुणीतरी सुचवलेलं साडेतीन लाखांचं स्टेम सेलचं पॅकेज घ्यावं का? आणि धाकटीला सांगावं की नाही?

काका, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातल्या सगळ्यात मोलाच्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. पहिली, गेल्या महिन्यात बस वळली तेव्हा नातू खिडकीबाहेर बोट दाखवून ‘स्वायगेट’ (म्हणजे स्वारगेट) म्हणाला. दुसरी, हल्ली चहा घेताना हात थरथरतो आणि बशीत चहा सांडतो, ‘वय झालं, दुसरं काय’. या दोन्हींकडे मी येणार आहे. आधी जोडण्यांचं बोलू, कारण तुमचे बाकीचे प्रश्न त्या एका शब्दातून निघाले आहेत.

तुमचं आयुष्य यंत्रांमध्ये गेलं. ‘जोडणी नीट नाही’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तुटलेली वायर आली असणार. वायर तुटली की कितीही बटणं दाबा, दिवा लागत नाही, मग थेरपी म्हणजे नुसतं बटण दाबत राहणं. हे चित्र डोळ्यांपुढे असेल तर निराश व्हायला होणारच. पण ते नातवाच्या मेंदूचं चित्र नाही.

चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात आणि फांद्यांवर हजारो बारीक कोंब. दुसऱ्या पेशीचा निरोप बहुतेक वेळा या कोंबांवर येऊन पोचतो. बाळाच्या मेंदूत हे कोंब लांब, बारीक, चाचपडणारे असतात, आणि गरजेपेक्षा जास्त असतात. ज्यांच्यावर पुन्हा पुन्हा निरोप येतो ते आखूड, जाडसर, भक्कम होतात. ज्यांचा उपयोग होत नाही ते छाटले जातात. शिकणं म्हणतात ते बऱ्याच अंशी हेच.

कोंब भक्कम व्हायला प्रथिनं लागतात, आणि त्यांतली काही तिथल्या तिथे, फांदीतच तयार होतात. त्यांच्या कृतीच्या चिठ्ठ्या आधीच फांदीत येऊन पडलेल्या असतात. त्या चिठ्ठ्या धरून ठेवणारं एक प्रथिन आहे, एफएमआरपी. निरोप येईपर्यंत ते चिठ्ठी सोडत नाही. निरोप आला की सोडतं, हवं तेवढं काम झालं की पुन्हा धरतं. हे प्रथिन बनवण्याची सूचना एक्स गुणसूत्रावरच्या एफएमआर-वन या जनुकात असते. तुमच्या नातवात ते जनुक बंद पडलं आहे, म्हणून चिठ्ठ्या धरणारं कुणी नाही. निरोप असो नसो, प्रथिनं बनत राहतात. कोंब दाट उगवतात, पण लांब आणि कोवळेच राहतात आणि त्यांची छाटणीही नीट होत नाही.

तेव्हा त्याच्याकडे जोडण्या आहेत, कदाचित तुमच्या-माझ्यापेक्षा जास्तच आहेत. त्या पिकत नाहीत, ही अडचण आहे. तुटलेल्या वायरीपुढे माणूस हतबल होतो. कोवळ्या राहिलेल्या कोंबांच्या बाबतीत करण्यासारखं पुष्कळ असतं.

हे रोजच्या जगण्यात कसं दिसतं, त्याचं उदाहरण तुमच्याच पत्रात आहे. नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की तो कान दाबून किंचाळतो आणि तासाभरानेही शांत होत नाही, ‘सवय कशी होत नाही याला?’ असं तुम्ही लिहिलंय. फ्रॅजाइल एक्स असलेल्या माणसांच्या मेंदूलहरी तपासल्या तेव्हा हेच आढळलं. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की आपला मेंदू त्याची दखल घेणं कमी करत जातो. यांचा मेंदू तेवढं कमी करत नाही. शंभरावा ठोका पहिल्या ठोक्यासारखाच आदळतो. हा हट्ट नाही आणि लाडावल्याची खूणही नाही. त्या दिवसांत त्याला कानांवर बसणारे आवाज अडवणारे हेडफोन द्या, संध्याकाळचा फेरा दुसऱ्या रस्त्याने न्या. गणपतीची मिरवणूक टीव्हीवर, आवाज बारीक करून दाखवली तरी गणपती काही रागावत नाहीत.

नजर न देण्याचंही तसंच आहे. समोरच्याच्या डोळ्यांत बघणं त्याला उन्हाकडे बघण्यासारखं जड जातं. ‘आजोबांकडे बघ, मग बिस्किट’ हे उद्यापासून बंद करा. त्याच्या समोर नका बसू, शेजारी बसा, एकाच दिशेला तोंड करून. बसच्या सीटवर तुम्ही दोघं असेच बसता, आणि मला वाटतं ‘स्वायगेट’ तिथेच बाहेर पडण्यामागे हेही कारण असेल.

आता औषधांचं. तुमच्या मनात येईल की चिठ्ठ्या जास्त वाचल्या जातात ना, मग वाचन कमी करणारं औषध द्या. शास्त्रज्ञांच्याही हेच मनात आलं. २००४ मध्ये मार्क बेअर, किंबर्ली ह्यूबर आणि स्टीफन वॉरन यांनी नेमका हा विचार मांडला. पेशीवरचा एक विशिष्ट ग्राहक (निरोप झेलणारा रिसेप्टर) निरोप आत पोचवून प्रथिनांचं काम सुरू करतो, त्याला आवर घातला तर तोल साधेल. उंदरांमध्ये तो बराचसा साधलाही. मग मोठ्या आशेने माणसांवर चाचण्या झाल्या, आणि किशोरवयीन व प्रौढ रुग्णांमध्ये त्या औषधांचा ठरवलेला फायदा दिसला नाही. हे वाचून मन खट्टू होतं, पण त्याचं एक कारण समजून घेण्यासारखं आहे. मेंदूचे सगळे भाग सारखे बिघडत नाहीत. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की उंदरांत भीती आणि भावनांशी जोडलेल्या अमिग्डाला या भागातल्या जोडण्या क्षीण झालेल्या असतात, आणि तिथली घडण स्मरणाशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसमधल्या घडणीहून वेगळी असते. एकच प्रथिन नाही, पण परिणाम जागेप्रमाणे निराळे. सगळीकडे एकच आवर घालून भागणार कसं?

आणि आता तुमच्या थेरपीच्या प्रश्नाचं उत्तर. २००५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी हे प्रथिन नसलेल्या उंदरांना दोन प्रकारे वाढवलं. काहींना नेहमीच्या पिंजऱ्यात, काहींना खेळणी, चढउतार, सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात. भरलेल्या पिंजऱ्यातल्या उंदरांचं वागणं सुधारलं, आणि त्यांच्या चेतापेशींच्या फांद्या आणि कोंबही अधिक पिकलेले दिसले. प्रथिन मात्र तेव्हाही नव्हतंच. उंदीर म्हणजे नातू नव्हे, हे मान्य. म्हणून माणसांचंही सांगते. अमेरिकेत फ्रॅजाइल एक्स असलेल्या लहान मुलांवर एक चाचणी झाली. सगळ्यांच्या पालकांना मुलांशी बोलण्याचं, त्यांना बोलतं करण्याचं सारखंच प्रशिक्षण दिलं. त्यातल्या निम्म्या मुलांना औषध दिलं आणि निम्म्यांना औषधासारखं दिसणारं निरुपद्रवी द्रव्य. औषधाचा वेगळा फायदा दिसला नाही, पण भाषेत दोन्ही गट पुढे सरकले. काका, तीन दिवसांची बस चुकवू नका.

खोटी आशा मला दाखवायची नाही. थेरपीने ते प्रथिन परत येणार नाही. या आजाराच्या बहुतेक मुलग्यांना बौद्धिक अक्षमता असते, आणि नातवाला मोठेपणीही आधार लागण्याची शक्यता जास्त आहे. ‘बाकीच्यांसारखा होईल का’ हे मोजमाप तुम्ही घरी धरून बसलात तर दर संध्याकाळी तुम्हीच हराल. मोजायचंच तर गेल्या दिवाळीचा तो आणि या दिवाळीचा तो, असं मोजा. या मुलांना तुकड्यातुकड्याने, एकेक पायरी शिकवण्यापेक्षा अख्खं चित्र, अख्खा प्रसंग दाखवून लवकर समजतं. ‘स्वायगेट’ हा शब्द त्याने एकटा उचललेला नाही. वळण, बोर्ड, कंडक्टरची हाक आणि तुमचा हात, या सगळ्यासकट तो त्याच्यापर्यंत पोचला. थेरपिस्टला हे जरूर सांगा. बसथांब्यांचे फोटो छापून त्याची एक वही करा. त्याच क्रमाने घरचा दिवसही चित्रांत मांडता येतो : दात, दूध, आंघोळ, बस. पुढे काय येणार हे दिसत असलं की त्याची घाबरगुंडी कमी होईल.

स्टेम सेलवर फार शाई घालवत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही मान्य आजारांखेरीज स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. तुमच्याकडे साडेतीन लाख मागितले आहेत. त्याशिवाय, या आजारात अडचण पेशींच्या संख्येची नाहीच. ते पैसे नातवाच्या नावाने ठेवा.

तुमच्यासारख्या घरांतून आलेली आणखी काही पत्रं माझ्यापुढे आहेत, म्हणून सगळ्यांसाठी चार ओळी. मुलाचं बोलणं, समजणं मागे असेल आणि कारण सापडत नसेल, विशेषतः आईच्या माहेरच्या नात्यात कुणी मामा किंवा मावसभाऊ असा असेल, तर डॉक्टरांना नाव घेऊन विचारा : ‘फ्रॅजाइल एक्सची तपासणी झाली का?’ गुणसूत्रांची साधी तपासणी, मायक्रोअ‍ॅरे किंवा नेहमीचं एक्सोम सिक्वेन्सिंग यांवर हा आजार निसटू शकतो. ‘सगळ्या जेनेटिक टेस्ट नॉर्मल’ म्हणून फाइल बंद झालेली मुलं असतात. यासाठी त्या जनुकातल्या अक्षरांची पुनरावृत्ती मोजणारी वेगळी चाचणी लागते. निदान झालं की कान, डोळे आणि फिट्स यांकडे लक्ष ठेवायला सांगा. या मुलांचे कान वारंवार फुटतात, आणि ऐकूच कमी येत असेल तर बोलणं आणखी मागे पडतं. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढायला संकोच करू नका. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्यांसाठी आहे. तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो आणि थेरपीचाही त्यात समावेश आहे. कार्ड काढलं म्हणून मुलावर शिक्का बसत नाही. शिक्का मारणारे कार्डाची वाट बघत नसतात.

आता त्या ८६ कडे येऊ.

या जनुकाच्या सुरुवातीला सी-जी-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांमध्ये ती ४५ पेक्षा कमी वेळा असतात. ५५ ते २०० असली तर माणूस वाहक. २०० च्या पुढे गेली की जनुक सहसा बंद पडतं. वडिलांकडून ही साखळी सगळ्या मुलींकडे जाते, मुलग्यांकडे कधीच नाही, आणि जाताना लांबी फारशी बदलत नाही. आईकडून पुढे जाताना मात्र ती वाढू शकते. ५५-६० च्या आसपास असेल तर २०० पार होण्याची शक्यता कमी, नव्वदीच्या पुढे असेल तर बहुतेक वेळा ती पार होतेच. ८६, ९४ आणि मग नातू : तुमच्या घरात हे अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं झालं.

हुशार, धडधाकट आजोबा, ठणठणीत मुलगी आणि नातवात आजार, हे कोडं शास्त्रज्ञांनाही सुटत नव्हतं. १९८० च्या दशकात स्टेफनी शर्मन यांनी अशी अनेक घराणी तपासून ते नीट मांडलं, म्हणून त्याला ‘शर्मन पॅराडॉक्स’ म्हणतात. १९९१ मध्ये जनुक सापडलं आणि साखळी लांबत जाते हे कळलं, तेव्हा ते सुटलं. जगातल्या संशोधकांना जे १९९१ पर्यंत ठाऊक नव्हतं, ते तुमच्या लग्नाच्या वेळी तुम्हाला कुठून ठाऊक असणार? तुमचा एक्स तुम्हालाही तुमच्या आईकडून आला. तिच्यावर तुम्ही दोष ठेवाल का?

मग थोरलीवरही कुणी ठेवू नये. इथे मी तुमच्याकडे जरा जास्त मागते आहे. तिची हरकत नसेल तर तिच्या सासरी जाऊन बसा आणि ‘हे माझ्याकडून आलंय, माझा रिपोर्ट हा’ एवढं सांगा. तिथे गप्प राहून तुम्ही आजवर स्वतःचा मान राखलात, त्याची किंमत ती मोजते आहे. तुमच्या वयाच्या माणसाने स्वतःहून असं सांगितल्यावर स्वयंपाकघरातली कुजबुज पुष्कळ ओसरेल.

आणि धाकटी. तुमचा रिपोर्ट तसा आहे म्हणजे तीही वाहक असणार. शंकेला जागा फक्त आकडा किती याचीच. काकूंची भीती मला समजते. मुलीचा संसार नवा आहे, नवऱ्याच्या घरी काय पडसाद उमटतील सांगता येत नाही. पण विष कालवण्याचं म्हणाल तर मला ते उलटं दिसतं. आज सांगितलं तर तिच्यापुढे वाटा आहेत. ती जेनेटिक काउन्सेलरला भेटू शकते. दर गरोदरपणात बदललेला एक्स बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, म्हणजे न जाण्याचीही निम्मी. गरोदरपणात साधारण अकराव्या आठवड्यानंतर वारेच्या पेशींवर किंवा सोळाव्याच्या सुमारास गर्भजलावर तपासणी करता येते, नोंदणीकृत केंद्रातच. आयव्हीएफ करून आधी भ्रूण तपासण्याचीही सोय आहे. किंवा यातलं काही न करता, सगळं जाणून ती बाळ होऊ देईल. निर्णय तिचा. आज न सांगता तीन वर्षांनी तिला कळलं, आणि तुम्हाला आधीच माहीत होतं हेही कळलं, तर त्यानंतर ती तुमच्याशी काय बोलेल?

आणखी एक गोष्ट काकूंना सांगा, त्यांना बहुधा कुणी सांगितली नसेल. वाहक स्त्रियांपैकी साधारण पाचात एकीची बीजकोशाची ताकद चाळिशीच्या आतच मंदावते. धाकटीने ‘बघू, दोन-चार वर्षांनी’ म्हटलं तर तिच्यासाठी ती वर्षं स्वस्त नसतील. थोरलीलाही हे ठाऊक हवं.

सांगायचं कसं? फोनवर नको, आणि घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नको. तुम्ही आणि थोरली दोघं नाशिकला जा. आधी धाकटीला एकटीला सांगा. जावयांना केव्हा आणि कसं सांगायचं ते तिला ठरवू द्या. सुरुवात नातवाच्या आजारापासून करू नका, स्वतःपासून करा : ‘माझ्या रक्तात एक गोष्ट सापडली आहे, ती तुझ्याकडेही आली असणार, आणि तुला ती बाळाच्या आधी कळायला हवी.’ तुमच्या रिपोर्टची प्रत न्या. तिच्या डॉक्टरला तो आकडा लागेल. ती रागावेल, रडेल, कदाचित उठून आत जाईल. त्याच दिवशी परतीची गाडी धरू नका.

आता ती बशी. काका, ८६ आकडा असलेल्या आजोबांचा थरथरणारा हात मी वयाच्या खात्यात टाकणार नाही. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुष वाहकांपैकी साधारण ४० टक्क्यांमध्ये पुढे हाताला कंप येतो, चालताना तोल जातो, कधी विसरायला होतं. याचं नाव एफएक्सटास, २००१ मध्ये ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. नातवात ते प्रथिन बनतच नाही म्हणून अडचण आहे. वाहकात जनुक चालू असतं, पण त्या जनुकाच्या स्वतःच्या चिठ्ठ्याच खूप जास्त निघतात आणि त्या पेशींना जड जातात. एकाच जनुकाचे हे दोन वेगळे त्रास. याचा कंप हात विसावलेला असताना फारसा नसतो, काही उचलायला गेलं की येतो. कित्येकदा त्याला पार्किन्सन्स समजून औषधं चालू होतात. तुमचा हात नुसता दमलेलाही असेल, पत्रावरून निदान करायला मी डॉक्टर नाही. पण येत्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या आणि नातवाचा व तुमचा असे दोन्ही रिपोर्ट बरोबर न्या. ‘मी फ्रॅजाइल एक्सचा वाहक आहे’ हे तुम्हीच आधी सांगा, कारण कंप घेऊन आलेल्या ६७ वर्षांच्या माणसाला ‘नातू कसा आहे’ असं विचारायचं सगळ्यांना सुचत नाही.

तोवर बसमध्ये चढताना नातवाला पुढे ठेवा, दांडा दोन्ही हातांनी धरा, आणि शक्य असेल त्या दिवशी थोरलीला किंवा जावयांना बरोबर घ्या. त्यांनाही तो ‘स्वायगेट’ म्हणताना ऐकू दे.